मामांची शेवटची सात मिनिटं

"वाक्यं किती आहेत?" मी विचारलं.

"एकही नाही, काका," आमची दिग्दर्शिका म्हणाली.

मी हातातला चहा टेबलावर ठेवला. आमच्या मराठी मंडळाच्या तालमी कुवेतमधल्या खैतान भागात एका इमारतीच्या तळघरात चालतात, शुक्रवारी सकाळी, कारण शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. वीस वर्षं मी त्या तळघरात नाटकं करत आलो होतो आणि वीस वर्षं मुख्य भूमिका माझी. बाप मी, राजा मी, खुनी मी, वेडा मी. शुऐबा भागातल्या कारखान्यात मी साधा इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. तिथं व्हॉल्व्ह अडकल्याशिवाय कुणाला माझी आठवण यायची नाही. पण जानेवारीतल्या एका शुक्रवारी, शाळेच्या हॉलमध्ये, अख्खं सभागृह माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. आणि हे माझं तिथलं शेवटचं वर्ष होतं. करार संपत होता. फेब्रुवारीत इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द करून मी आणि बायको कायमचे नाशिकला परतणार होतो. म्हणजे शेवटचं नाटक. आणि त्यात मी कोण, तर सामान बांधायला आलेला कार्गोवाला!

"मुका आहे का तो?"

"मुका नाही. फक्त बोलत नाही."

ही पोरगी पुण्याची, एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करते, तोंडानं फटकळ. नाटक तिनंच लिहिलं होतं. गोष्ट तिथल्या कुठल्याही मराठी घरातली: आईवडील कुवेत सोडून चाललेत, मुलगी नोकरीसाठी मागं राहणार आहे. घरचे बाहेर गेलेले असताना कार्गोवाला येतो. तो भांडी कागदात गुंडाळत बसतो आणि मुलगी त्याच्याशी बोलत सुटते.

"आणि बापाचं काम?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"बाप नाटकात नाहीये काका. तो बाहेर गेलाय."

मुलीचं काम दिलं होतं माझ्याच मुलीला. जन्मात कधी स्टेजवर न चढलेली, मराठी वाक्यं इंग्रजी लिपीत लिहून पाठ करणारी माझी पोर नायिका, आणि मी हमाल! अंगाचा तिळपापड झाला. खैतानहून मंगफला घरी येईपर्यंत मी गाडी चालवत होतो आणि बोलत होतो. ही कालची पोरं, यांना रंगभूमी कशाशी खातात ते ठाऊक नाही, मी नाहीच करत काम, बघू कोण येतं ते. मुलगी शेजारी बसून फक्त "बाबा, स्लो डाऊन" म्हणत राहिली.

संध्याकाळी दिग्दर्शिकेचा निरोप आला. सोबत गेल्या वर्षीच्या नाटकाचा व्हिडिओ. "काका, रागावू नका. तुम्ही बोलत नसता तेव्हा काय करता, तेवढंच बघा."

बघितलं. स्टेजवर माझा सहकलाकार बोलत होता आणि त्याच्या शेजारी मी उभा. माझे ओठ हलत होते. त्याचं प्रत्येक वाक्य मी ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, शब्दान् शब्द. मी त्याच्या आधीच्या वर्षीचा व्हिडिओ काढला. राजाचे ओठ हलत होते. त्याच्या आधीचा काढला. खुन्याचे ओठ हलत होते, समोरचा माणूस जीव तोडून रडतोय आणि हा खुनी त्याचं रडणं प्रॉम्प्ट करतोय. पाठांतराचा मला फार गर्व. अख्खं नाटक मला पाठ असायचं, सगळ्यांचं. त्या गर्वाचं हे असं थोबाड होतं, आणि ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"हे बघितलंस का?" मी बायकोला दाखवलं.

"बघायचं काय त्यात? वीस वर्षं बघतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, सांगायला तोंड उघडलं की पुढचं वाक्य तुम्हीच म्हणता."

ती पोळ्या लाटत होती. वर मानसुद्धा केली नाही.

मी हॉलमध्ये येऊन गप्प बसलो. घरात इतकी शांतता बहुतेक पहिल्यांदाच पसरली असावी, कारण मुलगी तिच्या खोलीतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप घेऊन शेजारी बसली.

"बाबा, मामा गेले," ती म्हणाली. "लास्ट मंथ. मला आज कळलं."

हे मामा म्हणजे आमचे कुणी नातेवाईक नव्हेत. ते अमेरिकन टीव्हीवरचे एक नट. नाव इथं लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही "कोण?" असंच विचाराल. मी नवा नवा कुवेतला आलो तेव्हा खैतानमध्ये आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. कंट्रोल रूममधला साहेब अमेरिकन, त्याच्या तोंडातून बाहेर पडणारं इंग्रजी मला ओ की ठो कळायचं नाही. ते कळावं म्हणून मी अमेरिकन मालिका बघायला लागलो. लग्नानंतर बायको आली, तीही शेजारी बसून बघायला लागली, आणि एके दिवशी पडद्याकडे बोट दाखवून ओरडली, "अगंबाई, हे तर आमचे सिन्नरचे मामा!" हिचे मामा सिन्नरला कंपाउंडर होते. तेच मोठाले कान, तेच लांबोडं तोंड, तेच झोपाळलेले डोळे.

तेव्हापासून तो आमच्या घरातला खेळच झाला. कुठलीही मालिका लावा, दोनचार भागांत मामा येणार. कधी हवालदार, कधी न्यायाधीश, कधी कुत्रा घेऊन फिरणारा शेजारी. आले, दोन वाक्यं बोलले, गेले. ज्याला आधी दिसतील त्यानं "आला मामा!" ओरडायचं आणि चहाबरोबरच्या बशीतलं पहिलं बिस्किट त्याचं. माझी मुलगी हे ओरडत ओरडतच मोठी झाली. पण या माणसाचं नाव काय, हा राहतो कुठं, खातो काय, हे शोधावंसं आम्हाला तीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पोरीनं ते सगळं काढलं आणि वाचून दाखवलं, इंग्रजीत वाचायचं आणि आईसाठी मोडकंतोडकं मराठी करायचं. मामांचे वडील शेतीची अवजारं दुरुस्त करायचे. मामा स्वतः शाळेची बस चालवायचे, कितीतरी वर्षं. बायको त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात. गावातल्या हौशी नाटकात मामा पडदा ओढायचे. वयाच्या चाळिशीत कुणीतरी त्यांना टीव्हीत हवालदार म्हणून उभं केलं, "इकडून चला, बाई" असं एक वाक्य म्हणायला. पुढं म्हातारे होईपर्यंत ते टीव्हीवर येत राहिले, पण बस चालवायचं लायसन्स त्यांनी दर वेळी मुदत संपायच्या आत नवं करून घेतलं. हे ऐकून माझी बायको म्हणाली, "शहाणा माणूस."

मग मुलीनं मामांच्या कामांची यादी उघडली. ती यादी संपेना! ती बोट फिरवतेय, फिरवतेय, आणि पडद्यावर नुसत्या ओळी सरकताहेत. हवालदार क्रमांक दोन. ज्यूरीतला माणूस. हार्डवेअरचा दुकानदार. पाद्री. रुग्णाचा बाप. बसथांब्यावरचा म्हातारा. प्रेत. हो, एका ठिकाणी नुसतं प्रेत! निम्म्याहून जास्त माणसांना नावंसुद्धा नव्हती. एका लांबलचक मालिकेत ते लिफ्टवाला होते, तेवढं एकच काम काही वर्षं टिकलं, आणि मग गोष्टीतल्या इमारतीला स्वयंचलित लिफ्ट बसवली म्हणून तेही गेलं. मी हात जोडले हो. खोटं सांगत नाही, सोफ्यावर बसल्या बसल्या त्या यादीला हात जोडले. वीस मुख्य भूमिकांचा तोरा मिरवणारा मी, आणि इथं हा माणूस शेकडो घरांत शिरून दार आपल्यामागं हळूच लावून निघून गेला होता.

"ही कधी पूर्ण स्क्रिप्ट वाचायचे नाहीत," मुलगी वाचत होती. तिचं 'ही' आणि 'हे' अजून गडबडतं. "फक्त आपलं पान. बाकीचं... समोरचा बोलेल तेव्हा फर्स्ट टाइम ऐकायचं म्हणून. आणि नवीन ॲक्टर अडकला की डिरेक्टर मामांना त्याच्यासमोर बसवायचे."

"का?" मी विचारलं.

"बिकॉज ही लिसन्ड, बाबा."

मग तिनं मामांचा शेवटचा भाग लावला. त्यात ते इस्पितळाच्या खाटेवर आहेत, वाचा गेलेली. मुलगा खुर्ची ओढून बसतो आणि बोलतो. सात मिनिटं. कॅमेरा मुलावर, मामांचा फक्त गाल आणि तो सिन्नरचा कान कोपऱ्यात दिसतो. मुलगा फार छान बोलतो. त्या नटाला त्या भागासाठी बक्षीस मिळालं म्हणे. माझे डोळे भरून आले. मुलगी म्हणाली, "आता परत बघू. या वेळी फक्त मामांना बघायचं."

परत बघितलं. मामा काहीच करत नाहीत. त्यांचं एक बोट चादरीवरची सुरकुती सपाट करत असतं, हळूहळू, पुन्हा पुन्हा. मुलगा सांगतो की बाबा, तुमची हत्यारं मी विकून टाकली. ते बोट थांबतं. मुलगा गडबडतो, खाली बघतो. ते बोट पुन्हा चालू होतं. बास! एवढंच! पण त्या थांबण्यामुळं पुढचं सगळं बोलणं त्या मुलाच्या तोंडून बाहेर आलं होतं, हे मला लख्ख दिसलं. चित्रीकरणाच्या वेळी मामा खरोखरच आजारी होते. आम्ही तो भाग चार वेळा बघितला.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शिकेला फोन करून सांगितलं, "कार्गोवाला करतो. पण मला संहिता देऊ नकोस."

अर्थात संहिता न देऊन उपयोग शून्य. माझं डोकं टेपरेकॉर्डर आहे. सहा तालमींत मुलीचं सगळं भाषण मला पाठ झालं, तिला व्हायच्या आधी. ती अडखळली की माझे ओठ हलायचे आणि तळघराच्या दुसऱ्या टोकावरून हाक यायची, "काका, ओठ!" शेवटी मी तोंडात लवंग धरायला लागलो. लवंग दाताखाली असली की जीभ जागेवर राहते. डिसेंबरभर माझ्या तोंडाला दातांच्या दवाखान्याचा वास येत होता.

घरी खरे कार्गोवाले सामान बघायला आले तेव्हा मी त्यांच्यातल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसलो आणि कप कसा बांधतात ते दाखवा म्हटलं. तो हसला. कागदाचा बोळा आधी कपाच्या पोटात घालायचा, मग कानाभोवती पट्टी, मग बाहेरून गुंडाळायचं. "पहले अंदर भरो साब, फिर बाहर लपेटो." मी सरावासाठी घरातलं जे हाती लागेल ते बांधत सुटलो. बायको वैतागली. "अहो, कुकर तरी सोडा, भात लावायचाय!"

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला तेव्हा महत्त्वाची वाटली नव्हती. करार संपल्याचं पत्र आलं त्या दिवशी जेवताना मी घरात जाहीर केलं की आपण परत जातोय. मुलगी म्हणाली, "बाबा, मी..." आणि पुढचं मी पूर्ण केलं. "तू इथंच राहणार, उघड आहे. एवढी चांगली नोकरी कोण सोडतं?" ती आमटी वाढून घेऊ लागली. विषय संपला, असं मी समजलो.

नाटकाचा दिवस आला. आमच्या मंडळाची रीत अशी की नाटकाचं सामान विकत आणायचं नाही, ज्याच्या त्याच्या घरून आणायचं. तालमीत आम्ही कागदी कप वापरायचो; खरी भांडी बायकोनं त्या सकाळी घाईघाईनं एका खोक्यात भरून दिली. दुपारी चारला पडदा उघडला. मी स्टेजच्या मध्यभागी मांडी घालून, पाठ अर्धी प्रेक्षकांकडे, आणि हातात जुनी वर्तमानपत्रं. मुलगी खोक्यातून एकेक वस्तू काढून मला देत होती आणि प्रत्येकीची गोष्ट सांगत होती. इतकी सुरेख बोलत होती की मी गुंडाळता गुंडाळता मनातल्या मनात तिची दृष्ट काढली.

तिनं पुन्हा खोक्यात हात घातला. संहितेप्रमाणं आता आजीची सोलापुरी चादर यायची होती. तिच्या हातात आला माझा कप. तपकिरी, कान एकदा तुटून चिकटवलेला. मी पहिल्या महिन्यात खैतानच्या बकाल्यातून, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतलेला, रोजच्या चहाचा. घाईत तोही खोक्यात गेला होता.

ती थांबली. कपाकडे बघत राहिली. तिचं पुढचं वाक्य गेलं, हे मला कळलं. मला ते वाक्य येत होतं! "ही चादर आजीनं निघताना हातात दिली." माझ्या जिभेच्या शेंड्यावर होतं. लवंग केव्हाच चावून संपली होती. दुसऱ्या कुठल्याही वर्षी मी पाठ फिरवून ते तिच्या कानात सोडलं असतं आणि नंतर चहा पिताना सगळ्यांना सांगितलं असतं की पोरीला मी वाचवलं. विंगेत दिग्दर्शिका दोन्ही हात तोंडावर धरून उभी. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मला मामांचं बोट आठवलं. मी कागदावरचे हात थांबवले आणि मुलीकडे बघितलं. माझे ओठ मिटलेले होते.

"हा नको, भैया," ती म्हणाली. हे संहितेत नव्हतं. "हा बाबांचा आहे. बाकी सगळं घेऊन जा. हा राहू दे." तिनं कपाच्या चिकटवलेल्या कानावरून बोट फिरवलं. "मला कुणी विचारलंच नाही, माहितीये? तू येतेस का, राहतेस का. मी सांगणार होते काहीतरी. पण बाबांनी आधीच सांगून टाकलं, माझ्या बदली."

ती माझ्याकडे बघत नव्हती, कपाकडे बघत होती. प्रेक्षकांना ते नाटकच वाटलं. मी तिथं बसलो होतो, तिचा बाप, आणि मला एकही वाक्य नव्हतं. कपासाठी फाडून ठेवलेला कागद माझ्या मांडीवर होता. मी तो उचलला, त्याची घडी घातली आणि परत गठ्ठ्यावर ठेवली. तिनं कप छातीशी धरला, श्वास घेतला, आणि खोक्यातून चादर काढली. "ही चादर आजीनं निघताना हातात दिली," ती म्हणाली, आणि पुढचं नाटक नीट पार पडलं.

टाळ्या खूप वाजल्या. सगळ्या तिला. मी कपडे बदलून बाहेर आलो तेव्हा जहराहून दर वर्षी न चुकता येणारे एक गृहस्थ मला भेटले. माझे जुने चाहते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काय हो, शेवटच्या वर्षी तुम्ही नाटकात नव्हतात? फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं बघा." वीस वर्षांत मला इतकं मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. मनात म्हटलं, मामा, ऐकताय ना!

"नव्हतो," मी म्हणालो.

बाहेर उन्हं उतरली होती. मी गाडीत बसलो, बायको मागं, मुलगी शेजारी, कप तिच्या मांडीवर. मी किल्ली फिरवली.

"बाबा, मी..." ती म्हणाली, आणि सवयीनं थांबली. मी पूर्ण करेन म्हणून.

मी गाडी बंद केली. मागून बायको काही बोलायला गेली तर तिलाही हातानं थांबवलं. एकेक करत पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या निघून गेल्या आणि मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसलो. पुढं ती काय बोलणार, मला खरंच माहीत नव्हतं.

ती बराच वेळ बोलली. फेब्रुवारीत आम्ही दोघंच नाशिकला आलो; ती तिथंच राहिली, पण हे या वेळी तिनं सांगितलं. इथं मी स्टीलच्या पेल्यातून चहा पितो. कप तिच्याकडे आहे.